फुकटाचं बिल कसं काढावं : एक गोणी, एक वही आणि फोन

घरात येणारी खोकी-पाकिटं आणि फोनमधली फुकटची ॲपं यांचा हिशेब एकाच वहीत मांडायचा, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. पुठ्ठ्याचा आणि फेसबुकचा काय संबंध? मी हा हिशेब सात वर्षांत दहा-बारा वेळा काढलाय, आमच्या घरचा आणि विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांचा. दोन्ही वेगवेगळे मांडले की दोन्ही चुकतात. एकत्र मांडले की निम्म्या खोक्यांचा माग थेट रात्रीच्या फोनपर्यंत जातो.

महिना साधा निवडा. गणपती-दिवाळीचा नको, मे महिनाही नको, तेव्हा निम्मं घर गावाला असतं.

गोणी

तांदळाची रिकामी गोणी गॅलरीत टांगा. ओला कचरा सोडून वस्तूसोबत आलेलं प्रत्येक वेष्टन तिच्यात. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवूनच टाका, नाहीतर चौथ्या दिवशी घरचेच गोणी बाहेर काढतील.

वही

चार रकाने: तारीख, वस्तू, रक्कम, यादीत होती की नव्हती. चौथ्या रकान्यावर पुढे बरंच बोलायचंय.

वजन आणि वाटणी

यासाठी वजनकाटा मागवू नका, तोही खोक्यातूनच येईल. महिनाअखेर भंगारवाल्याला घरी बोलवा. पर्यावरणाची पोस्टरं मी पुष्कळ वाचली, पण कुठलं वेष्टन खरंच पुन्हा वापरात जातं हे मला त्या माणसाने पाच मिनिटांत दाखवलं. पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या त्याने एका बाजूला ओढल्या. वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, चकचकीत अस्तराचे लिफाफे आणि थर्माकोल माझ्याकडे परत सरकवलं. "ये कोई नहीं लेता, भाभी."

कारण सरळ आहे. वेफर्सचं पाकीट म्हणजे प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले. माल कुरकुरीत राहतो, पण ते थर परवडेल अशा खर्चात सुटे करता येत नाहीत. धारावीत प्लॅस्टिक जातीनुसार निवडून विकलं जातं. ज्याला एक जात नाही त्याला गिऱ्हाईकही नाही.

पहिल्या वेळी आमच्या गोणीत साधारण चार किलो माल निघाला. भंगारवाल्याने नाकारलेला भाग जेमतेम नऊशे ग्रॅम होता, पण गोणीची अर्धी जागा त्याने खाल्ली होती. म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका, नाकारलेल्या ढिगाचा फोटो काढून ठेवा. तो ढीग कांजूरमार्गच्या डम्पिंगला जातो. पावसाळ्यात तिथला वास आमच्या खिडकीत येतो, तेव्हा आपलं पाकीट कुठे पोचलं हे आम्हाला कुणी कळवावं लागत नाही. जे तिथवरही जात नाही ते नाल्यात जातं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तुंबलेल्या गटारांबाबत पहिलं बोट प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे गेलं. २०१८मध्ये राज्याने पिशव्यांवर बंदी आणली. वेफर्सच्या पाकिटाला मात्र धक्का लागला नाही.

वेष्टनाचे रुपये

हे सोपं आहे, तीनच ठिकाणी पाहायचं. एक, बाहेरून मागवलेल्या जेवणाच्या बिलावरची 'पॅकिंग चार्ज'ची ओळ. महिन्याची बेरीज करा, एका जेवणाचे पैसे निघतील. दोन, मिठाई. खोक्याचं वजन मिठाईत धरणं नियमात बसत नाही, तरी धरतात. एका दुकानात मी रिकामं खोकं काट्यावर ठेवायला लावलं, ८० ग्रॅम भरलं. ११०० रुपये किलोच्या काजूकतलीच्या भावाने ते पुठ्ठ्याचे ८८ रुपये झाले. तेव्हापासून मी डबा घेऊन जाते, आधी डबा तोलायला लावते, आणि मागच्या रांगेतल्यांच्या नजरा सोसते. तीन, एमआरपीशेजारी बारीक अक्षरात छापलेली दर ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत.

या तिसऱ्याबद्दल एक खोटा सल्ला सगळीकडे फिरतो: मोठं पाकीट नेहमी स्वस्त. शाम्पूच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं असतं, पुडी बाटलीपेक्षा दर मिलिलिटरला स्वस्त पडते. म्हणजे पुडी घेणारी बाई मूर्ख नसते, तिने हिशेब बरोबर केलेला असतो. फक्त त्या पुडीचा उरलेला खर्च तिच्या बिलावर नसतो. तो नाल्याकाठच्या वस्तीच्या वाट्याला येतो, आणि कधीकधी ती वस्ती तिचीच असते.

आणि 'फुकट डिलिव्हरी'. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात, आणि हा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त आला तर पैसे त्याचे लावतात. ३० बाय २० बाय १५चं खोकं म्हणजे १.८ किलो, आत भले दोनशे ग्रॅमची वस्तू असो. उरलेली हवा विक्रोळीपर्यंत कुणी धर्मादाय म्हणून पोचवत नाही.

फोनचा रकाना

इथे मी तीनदा तोंडावर आपटले. म्हणून सावकाश वाचा.

पहिल्या वेळी मी तेच केलं जे सगळे सल्लागार सांगतात: स्क्रीनचे तास काढा आणि तासाच्या पगाराने गुणा. आमच्या तिघांचे महिन्याचे २१० तास भरले. तासाला २५० रुपये धरले, झाले ५२,५००. मी विजयी मुद्रेने वही यांच्यापुढे ठेवली. यांनी चष्मा वर केला. "अगं, म्हणजे फोन बंद केला तर हे बावन्न हजार मला कुणी आणून देणार आहे का?" वही माळ्यावर गेली ती आठ महिने तिथेच राहिली. जे पैसे कधी हातात येणारच नव्हते ते 'गेले' म्हणून लिहिलं की अख्खा हिशेब खोटा वाटतो, आणि घरातल्यांना हिशेबातून सुटायला वाट मिळते. तास तासातच लिहा. रुपयांच्या रकान्यात फक्त खिशातून खरोखर गेलेले रुपये.

दुसऱ्या वेळी मी कंपनीचीच किंमत वापरायला गेले. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालकांनी, म्हणजे मेटा कंपनीने, नोव्हेंबर २०२३पासून युरोपात जाहिरातींशिवायचा पर्याय विकायला काढला होता, वेबवर महिन्याला ९.९९ युरो, तेव्हाच्या दराने नऊशेच्या आसपास. मला वाटलं, हीच फुकटाची किंमत! पण तो भाव युरोपातल्या गिऱ्हाइकाचा. आपला भाव वेगळा. त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडातल्या एका वापरकर्त्यामागे ६८ डॉलरवर मिळाले आणि आशिया-पॅसिफिकमध्ये साडेपाच. म्हणजे आपल्या भागात सरासरी महिन्याला माणशी दीडशे रुपये. मी जरा खट्टूच झाले, आपण इतके स्वस्त!

मग उजेड पडला. हे दीडशे मी देत नाही, मला काहीतरी विकू पाहणारा देतो. तो खुळा नाही, माझ्याकडून त्याहून कितीतरी जास्त वसूल होतं म्हणून देतो. ते वसूल होतं खोक्यातल्या वस्तूच्या किमतीत, जसे खोक्याचेही पैसे त्याच किमतीत बसलेले असतात. व्हॉट्सॲप पूर्वी पहिल्या वर्षानंतर वर्षाला जवळपास एक डॉलर मागायचं, जानेवारी २०१६मध्ये तेही बंद झालं. निदान तेव्हा एक किंमत लिहिलेली दिसायची. आता ती शोधायची असेल तर पार्सलवरच शोधावी लागते.

तर फोनचा रकाना म्हणजे वहीतला तो चौथाच, आणि तो साधा करायचा. ही वस्तू यादीत होती की दिसली म्हणून घेतली?

साधा म्हटलं, पण तिसऱ्यांदा आपटले ते इथेच. महिनाअखेर बसून मी आठवून लिहायला गेले आणि सरसकट खोटं लिहिलं. लसूण सोलायचं यंत्र? हवंच होतं की. कपाटात लावायचे दिवे? कधीपासून म्हणत होते. वस्तू घरात आली की तिची गरज आपोआप जुनी होते. मुलगा तर सरळ म्हणाला, "आई, ऑफर होती ना, म्हणजे पैसे वाचलेच."

त्यानंतर ठरलेली रीत अशी, आणि यात सूट नाही. फ्रिजवर कागद. लागणारी वस्तू त्यावर पेनाने, तारखेसकट. ऑर्डरच्या किमान दोन दिवस आधी ती तिथे नसेल तर ती 'दिसलेली'. नणंदेने फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली म्हणून घेतलेलीही 'दिसलेली'. पार्सल फोडताक्षणी, संध्याकाळी नव्हे, खोक्यावर मार्करने अक्षर घालायचं: यादीतलं असेल तर 'य', दिसलेलं असेल तर 'द'. आतल्या फुगे-प्लॅस्टिकवरही. मग खोकं गोणीत. संध्याकाळपर्यंत थांबलात तर प्रत्येक 'द'चा 'य' होतो, मी चार घरांत पाहिलंय. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी दहा मिनिटांत कागदी पिशवी दारात आणणाऱ्या ॲपांनाही हाच नियम.

महिनाअखेर ऑर्डरचे मेसेज उघडून वेळ लिहा. आमच्याकडे त्या महिन्यात १७ पार्सलं आली. सहा 'य', अकरा 'द'. 'द'वर गेलेले रुपये ४,८६०. अकरापैकी नऊ ऑर्डरी रात्री अकरा ते एकच्या दरम्यानच्या. फोनच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये, आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये, त्याच रात्रींचे तास शेजारी मांडले तर दोन्ही बरोबर जुळले. आणि भंगारवाल्याने तोलताना 'द'ची खोकी वेगळी धरली तेव्हा ती पुठ्ठ्याच्या निम्म्याहून जास्त भरली. तीन महिन्यांनी बघितलं, अकरापैकी तीन वस्तू वापरात होत्या. लसणाचं यंत्र त्यांत नव्हतं. यावर हे काही बोलले नाहीत. वहीत बघितलं आणि फोन चार्जिंगला लावायला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

आकडे हातात आल्यावर

फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर उघडा, तिथे 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'मध्ये 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' शोधा. जी दुकानं, ॲपं, वेबसाइटी तुमची हालचाल फेसबुकला कळवतात त्यांची यादी निघेल. माझ्या यादीत एक पॅथॉलॉजी लॅब होती. तिथे मी काय तपासलं हे कुणाकुणाला कळलं असेल, याचा रकाना माझ्या वहीत अजून नाही. जुनी नोंद पुसा आणि पुढची जोडणीही तोडा, एकच केलंत तर महिन्याभरात यादी पुन्हा भरते. जाहिराती कमी होणार नाहीत, फक्त त्यांचा नेम चुकायला लागेल. मला सध्या ट्रॅक्टरच्या टायरांच्या दिसतात.

सगळी ॲपं काढून टाका हा सल्ला मी देत नाही. ज्याला व्हॉट्सॲप काढून टाका म्हणायचंय त्याने आमच्या सोसायटीत पाणी कधी जाणार हा निरोप घरी येऊन द्यावा. फक्त खरेदीच्या ॲपांच्या सूचना बंद करा आणि त्यांतलं साठवलेलं कार्ड काढा. रात्री साडेबाराला उठून पाकिटातलं कार्ड शोधायचा कंटाळा फार कामाचा असतो.

वेष्टनाचं म्हणाल तर मिरच्या-मसाला लालबागच्या गल्लीतून, कुटून, आपल्या डब्यात. डाळ-तांदूळ कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सुटे. तो डब्याला कुरकुरतो, तिसऱ्या वेळेपासून कुरकुरत नाही. बाकीच्यासाठी फ्रिजवरची यादी पंधरा दिवसांनी एकदाच मागवा, खोकी आपोआप घटतात.

गोणी पुन्हा सहा महिन्यांनी. मार्कर तिच्याच कानाला दोरीने बांधून ठेवा, आमच्याकडे दर वेळी तोच सापडत नाही.