वायफाय कॉलिंग चालू आहे तरी कॉल तुटतोय? या चुका टाळा

वायफाय कॉलिंगबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे "बटण ऑन केलंय, वायफायच्या काड्या फुल्ल आहेत, तरी आवाज तुटतोय". मग लोक स्पीड टेस्ट मारतात, त्यात १०० एमबीपीएस दिसतं, आणि राग निघतो फोनवर. पण स्पीडचा इथे फारसा संबंधच नाहीये. एका व्हॉइस कॉलला जेमतेम १०० केबीपीएसच्या, म्हणजे त्याच्या हजाराव्या भागाच्या, आसपास लागतं, मिनिटाला साधारण एक एमबी डेटा, म्हणजे अगदी जुनं हळू कनेक्शन असलं तरी चालून जातं. अडतं ते दुसरीकडे.

वायफाय कॉलिंग ऑन केलं की तुमचा फोन इंटरनेटवरून थेट तुमच्या ऑपरेटरच्या एका गेटवेपर्यंत, म्हणजे त्याच्या नेटवर्कच्या प्रवेशद्वारापर्यंत, एन्क्रिप्टेड टनेल (बाहेरच्याला आतलं दिसणार नाही असा बंदिस्त रस्ता) तयार करतो, या गेटवेला ईपीडीजी म्हणतात, आणि त्या टनेलमधून कॉल ऑपरेटरच्या नेटवर्कमध्ये जातो. टॉवरच्या जागी वायफाय आलं एवढंच, नंबर तोच, डायलर तोच, समोरच्याकडे वायफाय असो नसो काही फरक पडत नाही. म्हणून "व्हॉट्सॲप कॉल मस्त चालतो मग हे का नाही" हा प्रश्नच चुकीचा आहे, दोघांचा रस्ता वेगळा आहे आणि एक रस्ता मोकळा असताना दुसरा बंद असू शकतो.

पहिली चूक: टेस्ट न करताच सेटिंग बदलत सुटणं

कॉल नक्की वायफायवरून जातोय की टॉवरवरून हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. एअरप्लेन मोड ऑन करा, त्यामुळे वायफाय पण बंद झालं असेल तर ते परत चालू करा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि साध्या डायलरमधून कॉल लावा. लागला तर रजिस्ट्रेशन, म्हणजे वायफायवरून फोनची ऑपरेटरकडे होणारी नोंद, व्यवस्थित आहे, तुमचा प्रॉब्लेम क्वालिटीचा आहे. नाहीच लागला तर फोन गेटवेपर्यंत पोचतच नाहीये, मग राऊटर दुसऱ्या खोलीत हलवून किंवा भारीतला प्लॅन घेऊन काही होणार नाही. हे दोन प्रॉब्लेम पूर्ण वेगळे आहेत आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात.

एअरप्लेन मोड नसताना ओळखायचं असेल तर अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत व्होवायफाय (वायफाय कॉलिंगचंच दुसरं नाव) असं किंवा रिसीव्हरच्या शेजारी वायफायच्या लहरींचं चिन्ह दिसतं, आयफोनवर कंट्रोल सेंटर खाली ओढलं की ऑपरेटरच्या नावापुढे वायफाय लिहिलेलं असतं. नुसतं वायफायचं नेहमीचं चिन्ह दिसतंय म्हणून कॉल पण तिथूनच चाललाय असं समजू नका.

सेटिंगमध्ये हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी

आयफोनमध्ये हे मोबाइल डेटाच्या नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये मिळतं, सॅमसंगमध्ये कनेक्शन्समध्ये, बाकीच्या अँड्रॉइडमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये किंवा डायलरच्या तीन टिंबांत. शोधत बसायचा कंटाळा आला तर सेटिंगच्या सर्चमध्ये वायफाय कॉलिंग टाइप करा. दोन सिम असतील तर प्रत्येक सिमचं बटण वेगळं असतं, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते ऑन केलेलं असतं डेटावाल्या सिमवर आणि कॉल येत असतात दुसऱ्यावर.

सर्च करूनही पर्याय सापडलाच नाही तर फोन बिघडलाय असं नाही. हे फीचर फोन, त्याचं सॉफ्टवेअर आणि ऑपरेटर तिघांनी मिळून चालतं. दुसऱ्या देशातून आणलेला फोन असेल तर त्यात तुमच्या ऑपरेटरचं कॉन्फिगरेशन नसण्याची शक्यता असते, आणि काही ऑपरेटर आपल्या बाजूने सुरू करून दिल्याशिवाय बटणच दाखवत नाहीत. सॉफ्टवेअर अपडेट करा, आयफोन असेल तर जनरलमध्ये अबाउट उघडून थोडा वेळ थांबा, कॅरियर अपडेट असेल तर तिथेच विचारलं जातं.

व्हीओएलटीई (फोरजीवरून कॉल करायची सोय) बंद ठेवून फक्त वायफाय कॉलिंग चालू करणं ही पण चूकच. बोलता बोलता घराबाहेर पडलात की कॉल वायफायवरून टॉवरवर ढकलला जातो, पण तो साधारणपणे व्हीओएलटीईवरच जातो. ते बंद असेल किंवा दाराबाहेर फोरजीची रेंजच नसेल तर कॉल तिथेच कट.

आणि तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे ना ते बघा. विनोद वाटेल, पण टनेल जोडताना फोन गेटवेचं सर्टिफिकेट तपासतो आणि घड्याळ भलतंच असेल तर ते सर्टिफिकेट एक्स्पायर झाल्यासारखं दिसतं. बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेल्या जुन्या फोनवर हा घोळ होऊ शकतो.

टॉवर की वायफाय, पसंती चुकीची

बऱ्याच फोनमध्ये आणखी एक सेटिंग असते, वायफायला प्राधान्य की मोबाइल नेटवर्कला. घरात रेंजची एक काडी येते आणि जाते अशी स्थिती असेल आणि मोबाइलला प्राधान्य असेल तर फोन त्या मरतुकड्या काडीला चिकटून बसतो, शेजारी दणदणीत वायफाय असून. तिथे वायफाय प्राधान्य करा. उलट वायफायच कच्चं असेल आणि रेंज चांगली असेल तर मोबाइलच बरं. हट्टाने वायफाय कॉलिंग वापरायचं काही कारण नाही, चांगल्या रेंजमध्ये व्हीओएलटीईचा कॉल तितकाच छान असतो.

एअरप्लेन टेस्ट फेल झाली तर इथे बघा

हे टनेल यूडीपीच्या (इंटरनेटवर डेटा पाठवायची एक पद्धत) ५०० आणि ४५०० या पोर्टवरून, म्हणजे नंबर दिलेल्या दारांतून, जातं. ऑफिस, हॉस्टेल, हॉटेल इथल्या फायरवॉलवर हे पोर्ट बंद असतील तर वेबसाइट, व्हिडिओ सगळं चालेल आणि वायफाय कॉलिंग मात्र मेलेलं. घरच्या काही राऊटरवर आयपीसेक पासथ्रू नावाचा, अशा टनेलला वाट देणारा पर्याय असतो, तो असेल तर ऑन ठेवा. हॉटेलच्या वायफायवर तर आधी ब्राउझरमधलं लॉगिन पान भरावं लागतं, ते भरलं नसेल तर काड्या दिसतात पण आत काहीच नाही. ऑफिसच्या फायरवॉलवर आपलं काही चालत नाही, आयटीवाल्यांना हे दोन पोर्ट उघडायला सांगा, नुसतं "वायफाय कॉलिंग चालत नाही" म्हणालात तर ते स्पीड टेस्ट करून दाखवतील.

मग डीएनएस, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा. फोन गेटवेचा पत्ता डीएनएसला विचारून काढतो, आणि जाहिराती अडवणारं डीएनएस किंवा फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस कधी कधी तो पत्ता देतच नाही. जाहिराती बंद झाल्याच्या आनंदात आपण काहीतरी लावून ठेवलेलं असतं आणि ते विसरूनही गेलेलो असतो. थोडा वेळ ते बंद करून एअरप्लेन टेस्ट परत करा, व्हीपीएन असेल तर ते पण बंद करून, विशेषतः दुसऱ्या देशाचा सर्व्हर निवडला असेल तर, कारण काही ऑपरेटर परदेशी आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) वायफाय कॉलिंग घेत नाहीत. याच कारणाने परदेशात जाताना हे चालेलच असं धरून चालू नका, चालतं का आणि पैसे कसे लागतात ते निघायच्या आधी ऑपरेटरला विचारा.

एक सल्ला इंटरनेटवर जागोजागी दिसतो, राऊटरमधलं सिप एएलजी (इंटरनेट कॉलच्या संदेशांत फेरफार करणारी सोय) बंद करा. इंटरनेट फोनच्या साध्या ॲपसाठी ते बंद केल्याचा उपयोग होतो, पण इथे सगळं सिग्नलिंग (कॉल जोडणारे संदेश) एन्क्रिप्टेड टनेलच्या आत असतं, राऊटरला ते दिसतच नाही, त्यामुळे त्याने फरक पडायचं फारसं कारण नाही. बंद करायचं तर करा, नुकसान काही नाही, पण त्यावर संध्याकाळ घालवू नका.

आउटगोइंग चालतं, इनकमिंग मात्र मिस होतं? फोन टेबलावर पडलेला असताना, स्क्रीन बंद असताना असं होत असेल तर शक्यता अशी की राऊटरने रिकामं दिसणारं कनेक्शन आपल्या यादीतून काढून टाकलं, किंवा फोनच्या बॅटरी सेव्हरने वायफाय झोपवलं. बॅटरी सेव्हर बंद करून एक दिवस बघा, आणि राऊटरमध्ये यूडीपी टाइमआउट (शांत कनेक्शन किती वेळ ठेवायचं ती मर्यादा) असेल तर वाढवा, फर्मवेअर म्हणजे राऊटरचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर अपडेट करा.

कॉल लागतो पण आवाज फाटतो

इथे खरी मेख अपलोडमध्ये असते. लक्षण एकदम ठरलेलं: तुम्हाला समोरच्याचं सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि तो म्हणतो "अरे तुझा आवाज कटतोय, परत बोल". म्हणजे येणारा रस्ता मोकळा आहे, जाणारा तुंबलाय. रात्री फोन चार्जिंगला लावला, फोटोंचा बॅकअप सुरू झाला, तिकडे लॅपटॉप कुठली तरी मोठी फाइल क्लाउडवर चढवतोय, आणि राऊटरच्या रांगेत तुमच्या आवाजाचे चिमुकले पॅकेट त्या फाइलींच्या मागे उभे. २० मिलिसेकंदांचा पिंग (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) बघता बघता कित्येक पटीने वाढतो आणि स्पीड टेस्टचा डाउनलोडचा आकडा मात्र छान दिसत राहतो, म्हणून तर कोणाच्या लक्षात येत नाही. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर बोलणं सहज वाटतं, ही आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) शिफारस आहे, त्याच्या फार वर गेलं की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात आणि दोघंही "हां बोल, तू बोल" करत राहतात.

उपाय दोन. बॅकअप थांबवून कॉल करून बघा, आवाज सुधारला तर दोषी सापडला. कायमचं करायचं असेल तर राऊटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (कोणता डेटा आधी सोडायचा आणि रांग कशी आवरायची ते ठरवणाऱ्या सेटिंग) शोधा आणि अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या अपलोड स्पीडपेक्षा थोडी खाली, ८५-९० टक्क्यांवर ठेवा. आकडा थोडा कमी दिसेल, पण रांग लागणार नाही.

दुसरी मोठी गोष्ट रिपीटरची, म्हणजे राऊटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या डबीची. बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून लोक रिपीटर आणतात आणि बेडरूममध्येच लावतात, जिथे मेन राऊटरचा सिग्नल आधीच मेलेला असतो. फोनवर काड्या फुल्ल, कारण त्या काड्या फक्त फोन ते रिपीटर एवढंच अंतर सांगतात, रिपीटर ते राऊटर काय हाल आहेत ते नाही. तो मधल्या जागी लावा, किंवा जमत असेल तर केबल टाका. आणि दुसरा राऊटर जोडला असेल तर त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर (स्वतःचं नेटवर्क न बनवता मेन राऊटरचंच पुढे नेणारा मोड) ठेवा, नाहीतर दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि बोलत या खोलीतून त्या खोलीत गेलात की फोनचा आयपी बदलतो, टनेल परत जोडावं लागतं, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य चालू असताना शांतता.

ब्लूटूथ इअरफोन लावल्यावरच आवाज फाटत असेल तर वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर आहे का बघा, ब्लूटूथ पण त्याच पट्ट्यात चालतं. राऊटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा.

घाईघाईत नेटवर्क रिसेट करू नका

काही झालं की पहिला सल्ला मिळतो नेटवर्क सेटिंग रिसेट कर. त्याने सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड जातात, बहुतेक फोनमध्ये ब्लूटूथच्या जोड्याही तुटतात, आणि काही फोनमध्ये तिथेच ईसिम पुसायचा पर्याय असतो, तो चुकून टिक झाला तर नंबरच गेला फोनमधून. आधी वायफाय कॉलिंग बंद-चालू करा, मग फोन रीस्टार्ट, मग राऊटर रीस्टार्ट, रिसेट अगदी शेवटी.

इमर्जन्सी कॉलचं पण लक्षात ठेवा. टॉवर मिळत असेल तर फोन आधी त्यावरूनच इमर्जन्सी कॉल लावायचा प्रयत्न करतो, पण वायफायवरून गेला तर तुमची जागा तितकी अचूक कळेलच असं नाही. म्हणून काही देशांत वायफाय कॉलिंग चालू करताना पत्ता मागतात. घर बदललं की तो पत्ता पण बदला, जुना तसाच ठेवू नका.

एवढं करूनही जमलं नाही तर कस्टमर केअरला फोन करताना फोनचं मॉडेल, सॉफ्टवेअर व्हर्जन, एअरप्लेन टेस्टचा निकाल आणि दुसऱ्या वायफायवर किंवा दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर काय झालं ते सांगा. हॉटस्पॉटवर चालतंय आणि घरी नाही म्हणजे राऊटर किंवा इंटरनेटवाल्याचं काम, कुठेच चालत नाही म्हणजे सिम दुसऱ्या सपोर्टवाल्या फोनमध्ये टाकून बघा. तिथेही नाही चाललं तर "माझ्या नंबरवर व्होवायफाय तुमच्याकडून ॲक्टिव्ह आहे का ते तपासा" असं स्पष्ट विचारा, नाहीतर ते परत तुम्हाला फोन बंद करून चालू करायला लावतील.