ॲरिझोना ॲश: ओळखताना आणि लावताना या चुका टाळा

वाळवंटातलं ॲश नावाचं झाड म्हटलं की लोक थेट वाळवंटातच शोधायला जातात. सग्वारो निवडुंगांच्या तापलेल्या माळावर घाम पुसत "इथे कुठे आहे तो?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. तिथे नाहीच तो. ॲरिझोना ॲश, म्हणजे फ्रॅक्सिनस व्हेलुटिना, पाण्याकाठचं झाड आहे. ओढे, घळी, वरून कोरडेठाक दिसणारे पण वाळूखाली ओल धरून असलेले नाले (इकडे सगळे त्यांना वॉश म्हणतात), अशा जागी कॉटनवुड आणि सिकॅमोर या झाडांच्या सोबतीने तो वाढतो. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियापासून पश्चिम टेक्सासपर्यंत आणि खाली उत्तर मेक्सिकोत, बहुतेक करून साधारण 600 ते 2,100 मीटर उंचीवर. मी उंचावरून खाली बघते आणि जिथे हिरवी रेघ दिसेल तिकडे उतरते.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगते. पान तोडायचं, फोनसमोर धरायचं आणि झाड ओळखणारं ॲप म्हणेल ते खरं मानायचं. ॲरिझोनातल्या टूसॉन शहराजवळच्या सबीनो कॅन्यनमध्ये एकदा नाशिकहून मुलीकडे आलेले एक काका आमच्याबरोबर होते. ऑक्टोबर महिना. काकांनी सकाळभर एकाच झाडाचे फोटो काढले, वहीत पानाचं चित्र काढलं, खाली "ॲश" लिहून दोन रेघाही ओढल्या. मी म्हटलं, "काका, जरा तुमची बोटं बघा." बोटांना काळेकुट्ट डाग. खाली पडलेली गोल फळं ते मघापासून कुतूहलाने सोलत होते. झाड रानटी अक्रोडाचं होतं आणि डोक्यावर आणखी फळं लटकत होती! ॲपने पान पाहिलं. वर मात्र कुणीच पाहिलं नाही.

चूक होते ती अशी. ॲश आणि अक्रोड, दोघांचंही पान संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका, छोट्या पानांसारख्या. पर्णिका समोरासमोर दिसल्या की लोकांना वाटतं, पटली ओळख. पण बघायचं असतं ते अख्खं पान फांदीला कसं जोडलंय ते. कोंब पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो, तो अख्ख्या पानाच्या देठाशी असतो. तिथून पान सुरू होतं असं समजा. ॲशची पानं फांदीवर जोडीने, समोरासमोर येतात. अक्रोडाची एकाआड एक. ॲशला पर्णिका 3 ते 9, बहुधा 5. अक्रोडाला सहसा जास्त, आणि चुरगळल्या की उग्र वास. म्हणून मी आधी फांदी बघते, पान नंतर.

बॉक्स एल्डर नावाच्या झाडाचीही पानं समोरासमोर असतात, पण त्याचं पंखाचं बी दोन-दोन जोडून येतं. ॲशचं बी सुटं, एकाच पंखाचं, घोसाने लटकणारं.

व्हेलुटिना म्हणजे मखमली, पण म्हणून पानावर मखमली लव असलीच पाहिजे असा हट्ट नको. काही झाडांची पानं अगदी गुळगुळीत असतात.

युटाच्या आर्चेस नॅशनल पार्कात भलतीच गंमत. तिथला ॲश, फ्रॅक्सिनस ॲनोमला, खडकाळ, खरोखर कोरड्या जागी झुडपासारखा वाढतो आणि त्याचं पान बहुधा एकच, गोलसर. "संयुक्त पान नाही, म्हणजे ॲश नाही" म्हणत लोक पुढे जातात. त्याची कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते. आपल्या पारिजातकाचीही तशीच लागते, आणि दोघं एकाच कुळातले.

अंगणात लावणाऱ्यांचा उतावळेपणा तर विचारू नका. वाळवंटातलं झाड म्हणून एकतर पाणीच नाही, नाहीतर रोज पाच मिनिटं बुंध्याशी ठिबक. त्याने फक्त वरची माती भिजते, मुळंही वरच राहतात आणि मग फरशी उचलली की बोल झाडाला. मी पाणी बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली देते. हळूहळू, बराच वेळ, आणि पुढची पाळी माती वाळल्यावर. टायमर लावून मोकळं होणाऱ्यांना हे पटत नाही.

बी धरत नाही म्हणून खत घालू नका. नर झाड वेगळं, मादी वेगळं. मोडेस्टो नावाचा लोकप्रिय प्रकार नरच आहे, जन्मभर वाट पाहिलीत तरी बी येणार नाही.

हिवाळ्यात पानं पिवळी होऊन झडली की "झाड गेलं" म्हणून करवतवाल्याला फोन करणारे शेजारी मी पाहिलेत. अहो, पानझडीचं झाड आहे! बारीक फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर फोन खाली ठेवा आणि वसंतापर्यंत थांबा. पानांआधी बिनपाकळ्यांची बारीक फुलं येतील.