नवा पीसी यायच्या आधी आणि आल्यावर
ऑर्डर देऊन जुळवून घेतलेला पीसी कुरिअरने कोल्हापुरात येईपर्यंत त्याच्या बाजूची काच तडकली, तर पुराव्याशिवाय बदलून मिळणं अवघड जातं.

१. वाट बघण्याच्या दिवसांतच वायरमनकडून थ्री-पिनचं अर्थिंग तपासून घ्या.

२. खोकं दारात आलं की मोबाईलवर व्हिडिओ सुरू करा. सहाही बाजू, लेबल, न उघडलेली टेप नीट दाखवा, मगच कापा. शेवटपर्यंत व्हिडिओ थांबवू नका, हे फार महत्त्वाचं.

३. बाजूची काच काढा. ग्राफिक्स कार्डाला (मॉनिटरवर चित्र दाखवणाऱ्या भागाला) टेकू म्हणून आत फोम किंवा हवेची पिशवी कोंबलेली असते, ती काढा. मॉनिटरची केबल कार्डालाच लावा.

पावसाळ्यात खोकं ओलसर आलं, तर पीसी रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवा, लगेच चालू करू नका.