ब्राउझरमध्ये डेटा ठेवायचाय? आधी हे बघून घ्या

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा, हा डेटा सर्व्हरला दर वेळी लागतो का? लागत असेल तरच कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद), कारण कुकी प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जाते आणि एका कुकीत साधारण ४ केबीच मावतं.

थीम, भाषा असल्या छोट्या सेटिंगसाठी लोकलस्टोरेज (ब्राउझरमधलीच साठवणीची जागा) मस्त, टॅब बंद केला तरी राहतं, जागा साधारण ५ एमबी. पण त्यात फक्त स्ट्रिंग, म्हणजे मजकूर जातो, म्हणून ऑब्जेक्ट ठेवायचा तर जेसन डॉट स्ट्रिंगिफाय करा (त्याचा मजकूर बनवा) आणि वाचताना जेसन डॉट पार्सने परत ऑब्जेक्ट करा, आणि लोकलस्टोरेज सिंक्रोनस आहे, म्हणजे त्याचं काम होईपर्यंत बाकीचा कोड थांबतो, हे विसरू नका, मोठा डेटा कोंबलात की पेज अडकायला लागतं. सेशनस्टोरेज तसंच, फक्त त्या टॅबपुरतं.

हजारो रेकॉर्ड, फोटो, ऑफलाइन चालणारं ॲप असेल तर सरळ इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरमधला डेटाबेस घ्या. त्याचा एपीआय (वापरायच्या कमांड) किचकट आहे खरा, म्हणून तो सोपा करून देणारी एखादी छोटी रॅपर लायब्ररी वापरा.

आणि कळकळीने सांगतो, लॉगिन टोकन (युजर लॉगिन आहे हे सांगणारा गुप्त कोड) लोकलस्टोरेजमध्ये ठेवू नका! पेजवर एक वाईट स्क्रिप्ट घुसली की ती टोकन आरामात वाचते. त्यासाठी एचटीटीपीओन्ली आणि सिक्युअर हे पर्याय लावलेली कुकीच बरी, ती जावास्क्रिप्टला दिसतच नाही.

जागा कमी पडली की ब्राउझर डेटा उडवू शकतो, युजरही कधीही साफ करू शकतो, त्यामुळे महत्त्वाचं काहीही असेल तर त्याची कॉपी सर्व्हरवर हवीच. काय साठलंय ते बघायला क्रोममध्ये एफ१२ दाबून ॲप्लिकेशन टॅब उघडा, फायरफॉक्समध्ये स्टोरेज.