क्लाउडची मांडणी फाइलमध्ये कशी उतरवावी आणि गिटमध्ये कशी ठेवावी

क्लाउडमधल्या सिक्युरिटी ग्रुपचा (म्हणजे सर्व्हरपुढच्या फायरवॉलचा) एखादा नियम कोणीतरी घाईत उडवतं आणि ऑफिसात शोधाशोध सुरू होते: पोर्ट कुठलं होतं, मुभा कुठल्या आयपीला होती? ज्याने तो नियम कन्सोलवर, म्हणजे क्लाउडच्या वेबपानावर, क्लिक करत बनवला तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. डेटाचा बॅकअप बहुतेक जण घेतात. नेटवर्क, फायरवॉल, डीएनएस यांच्या मांडणीचा मात्र कोणाला आठवत नाही.

इथे एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड) आणि टेराफॉर्म (क्लाउडची मांडणी कोडमधून उभारणारं अवजार) ही जोडी धरली आहे. आधीपासून चालू असलेल्या गोष्टी वाचून त्यांचा कोड लिहून देण्याची सोय टेराफॉर्ममध्ये 1.5 या आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून आहे. कमांड मी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

1. आधी फक्त वाचणारी किल्ली. आयएएममध्ये (एडब्ल्यूएसचा परवानग्यांचा विभाग) वेगळा युजर किंवा रोल बनवून त्याला ‘रीड-ओन्ली-अ‍ॅक्सेस’ एवढीच पॉलिसी द्या. टेराफॉर्म हे मुळात बांधण्याचं आणि पाडण्याचं अवजार. आपल्याला फक्त नोंद करायची आहे, तर पाडायची ताकद हातात नकोच. पुढची सगळी कामं एवढ्या परवानगीत होतात.

2. फोल्डर. रिकामा फोल्डर, त्यात ‘गिट इनिट’ (गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं अवजार). एका फाइलमध्ये एडब्ल्यूएस प्रोव्हायडर (टेराफॉर्मला एडब्ल्यूएसशी जोडणारा भाग) आणि रीजन, म्हणजे डेटा सेंटरचा प्रदेश, लिहा (मुंबईसाठी एपी-साउथ-1), मग ‘टेराफॉर्म इनिट’.

3. काय उतरवायचं त्याची यादी. प्रत्येक गोष्टीसाठी एक ‘इम्पोर्ट’ ब्लॉक. त्यात ‘टू’समोर तुम्ही ठरवलेलं नाव, ‘आयडी’समोर एडब्ल्यूएसमधली ओळख. सिक्युरिटी ग्रुपला ‘एसजी-’ने सुरू होणारा आयडी, एस3 बकेटला (फाइली साठवायची जागा) तिचं नावच, रूट 53च्या (एडब्ल्यूएसची डीएनएस सेवा) नोंदीला झोन आयडी, नाव आणि प्रकार अंडरस्कोरने जोडून. पहिल्या दिवशी पाच-सहाच घ्या: एक व्हीपीसी (तुमचं खासगी नेटवर्क), तिचे सबनेट (त्या नेटवर्कचे तुकडे), एक सिक्युरिटी ग्रुप. अख्खं खातं एका दमात उतरवायला गेलात, तर हजारो ओळींची फाइल हाती येते आणि ती कोणीही वाचत नाही.

4. कोड लिहून घ्या. ‘टेराफॉर्म प्लॅन’ला (काय बदलेल ते फक्त दाखवणारी कमांड) ‘-जनरेट-कॉन्फिग-आउट’ जोडून नव्या फाइलचं नाव द्या. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर कमांड अडते.

5. साफसफाई. खरा वेळ इथे जातो. ‘नल’ (म्हणजे काही नाही) लिहिलेल्या बऱ्याच ओळी काढून टाकता येतात. काही वेळा एकमेकींशी न पटणाऱ्या दोन ओळी एकत्र येतात आणि एरर येते. त्यातली एक उडवा. पण सगळ्यात महत्त्वाचं काम आयडींचं. सबनेटच्या कोडमध्ये व्हीपीसीचा आयडी जसाच्या तसा छापलेला असतो. उद्या सगळं नव्याने उभारलं तर व्हीपीसीला नवा आयडी मिळेल आणि सबनेट जुनाच पत्ता शोधत बसेल. म्हणून त्या जागी व्हीपीसीच्या ब्लॉकचा संदर्भ द्या. हे केलं नाही तर हाती उरतो नुसता फोटो. त्यावरून घर बांधता येत नाही.

6. ताळा करा. पुन्हा साधा ‘प्लॅन’ चालवा. शेवटाकडे ‘प्लॅन’ने सुरू होणाऱ्या ओळीत इम्पोर्टचा आकडा असेल. जोडणे, बदलणे आणि पाडणे या तिन्हींसमोर शून्य दिसलं पाहिजे. ‘अप्लाय’ (बदल प्रत्यक्षात करणारी कमांड) करायची गरज नाही. इम्पोर्ट ब्लॉक तसेच ठेवलेत तर स्टेट फाइलशिवायही (टेराफॉर्मची स्वतःची नोंदवही) हाच प्लॅन दर आठवड्याला चालवता येतो. शून्याच्या जागी एक दिसला, की कोणीतरी कन्सोलवर हात लावला म्हणून समजा.

7. कमिटच्या (गिटमध्ये नोंद करण्याच्या) आधी. फाइल डोळ्यांनी वाचा. आरडीएसचा (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) पासवर्ड एडब्ल्यूएस परत देतच नाही, पण लॅम्ब्डाच्या (सर्व्हरशिवाय कोड चालवणारी सेवा) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये कोणी पासवर्ड कोंबला असेल तर तो उघडा पडतो. ‘.टेराफॉर्म’ फोल्डर आणि स्टेट फाइली गिटइग्नोअरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) घाला. लॉक फाइल (प्रोव्हायडरची आवृत्ती पक्की करणारी) मात्र कमिट करा. रिपॉझिटरी खासगीच हवी, आणि तिची एक प्रत त्याच एडब्ल्यूएस खात्याच्या बाहेर. खातंच बंद पडलं तर आतली प्रत काय कामाची?

अ‍ॅझ्युअरवाल्यांना (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) पोर्टलमध्ये रिसोर्स ग्रुपवर ‘एक्स्पोर्ट टेम्प्लेट’ मिळतं, मात्र एका वेळी 200 रिसोर्सपर्यंतच. पटकन नोंद ठेवायला ठीक, पुन्हा उभारणीसाठी त्यालाही पाचव्या पायरीची डागडुजी लागते.

हीच मांडणी दुसरीकडे उभी राहील का, हे तपासायला महिन्याभराने फोल्डरची प्रत करून तिच्यातले इम्पोर्ट ब्लॉक उडवा, रीजन हैदराबादचं, म्हणजे एपी-साउथ-2 करा (हे रीजन खात्यात आधी चालू करावं लागतं) आणि फाइलींमध्ये ‘एपी-साउथ-1’ शोधा. अव्हेलेबिलिटी झोनची (रीजनमधल्या वेगवेगळ्या डेटा सेंटर-गटांची) नावं सापडतील. मग ‘एएमआय-’ (सर्व्हर ज्यावरून बनतो ती तयार इमेज) शोधा, कारण एएमआयचे आयडी प्रत्येक रीजनमध्ये वेगळे असतात. जितक्या जागी अडाल तितकी दुरुस्ती मूळ फोल्डरमध्ये करून घ्या.