बसऱ्याला गेलेला पणजा शोधायला निघण्यापूर्वी

आमच्या घरात पणजोबांबद्दल एकच वाक्य चालत आलंय: 'बसऱ्याच्या लढाईवर गेले, ते परत आलेच नाहीत.' बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, पहिल्या महायुद्धात इकडचे शिपाई तिथं लढले. पण पलटण कोणती, साल कोणतं, गोळी लागून गेले की तापानं, काही नाही. साताऱ्यापासून रत्नागिरीपर्यंत कितीतरी घरांत हे वाक्य जवळजवळ असंच ऐकू येईल. एवढ्याच भांडवलावर मी पहिल्यांदा एका लष्करी कचेरीला पत्र धाडलं. उत्तर एका ओळीचं आलं: सैनिक क्रमांक कळवावा. राग आला, पण त्यांचंही बरोबर होतं. लष्कर माणसाला नंबरावरून ओळखतं, गाव बापाच्या नावावरून. दोन्हींची सांगड घालायचं काम आपलं. तेव्हा यंदाच्या सुट्टीत गावी जाऊन पणज्या-खापरपणज्याचा माग काढायचा बेत असेल, तर पलटण तूर्त बाजूला ठेवा आणि घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेपासून सुरुवात करा.

ट्रंकेत पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्ज सर्टिफिकेट, मनीऑर्डरच्या पावत्या, इंग्रजी शिक्का असलेलं कसलंही चिटोरं बघायचं. आणि पदकं. पदक हाती लागलं तर राजाचा मुखडा नंतर बघा, आधी कड बघा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण अशी सगळी कुंडली ठोकलेली असते. 1914-15 च्या चांदणीवर ती मागच्या सपाट बाजूला असते. अक्षरं बारीक आणि वर शंभर वर्षांचा मळ, त्यामुळे चिंच आणि राख घेऊन घासायला बसावंसं वाटेल. नका घासू, मळाबरोबर नंबरही जाईल. मऊ कापडानं पुसा, मोबाइलची बॅटरी तिरकी धरा आणि फोटो काढा. चांदीचं पदक, म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल, पुष्कळ घरांतून केव्हाच सोनाराकडे गेलेलं असतं. पंखवाल्या बाईचं व्हिक्टरी मेडल तेवढं मागे राहतं, कारण त्याचे कोणी पैसे देत नव्हतं. आपल्याला दोन्हींचा उपयोग सारखाच. मात्र राजाचा मुखडा असलेलं पदक चांदीऐवजी काशाचं निघालं, तर पणजोबा बंदूकवाले शिपाई नसून मजूर तुकडीत किंवा भिस्ती, स्वयंपाकी अशा कामावर असण्याची शक्यता मोठी. मग घरी सांगितलेल्या पराक्रमाच्या गोष्टी थोड्या बदलतील, पण शोधाची दिशा बरोबर लागेल.

आमच्या ट्रंकेत पदक निघालं नाही. निघाला तो आत्याआजीचा एक शब्द. तिला साल विचारलं तर ती हसली नुसती. मग विचारलं, पणजीला खबर कधी लागली? ती म्हणाली, 'मानमोडीच्या वर्षी.' मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. म्हाताऱ्या माणसांना इसवी सन विचारून काही हाती लागत नाही. प्लेगच्या आधी की नंतर, मानमोडीच्या साली घरात कोण कोण होतं, तेव्हा कोण पोटात होतं, कोणाचं लग्न लांबलं, असं विचारायचं. आणि हे काम सगळ्यांत आधी करायचं. कागद अजून दहा वर्षं टिकेल, आत्याआजीचं कोण सांगणार. एकाच गोष्टीबद्दल दोघींना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसल्या की जी मोठ्यानं बोलते तिचंच खरं ठरतं.

जाण्याआधी एका कोऱ्या कागदावर नावाची जितकी रूपं सुचतील तितकी लिहून काढा. भरतीच्या कारकुनानं जसं ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं. पवारांचे पोवार झाले, शिंद्यांचे सिंदे झाले, काही ठिकाणी आडनावच नाही, नुसतं स्वतःचं नाव आणि बापाचं. त्याहून जुनं शोधत असाल तर आडनावाचा नाद सोडाच. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 1818 च्या लढाईतल्या महार शिपायांची नावं आहेत, ती 'नाक'नं संपतात. हा 'नाक' स्वतःच्या नावालाच जोडलेला असतो, ते आडनाव नव्हे, हे माहीत नसेल तर माणूस डोळ्यासमोरून निसटतो.

गावाच्या नावाचं तेच. त्या वेळचा तालुका आणि जिल्हा लिहून घ्या, आजचा नव्हे. वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यात होते. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीतच होता आणि रायगडचं नाव कुलाबा होतं. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही, या एका खेडानं माझ्या ओळखीच्या एकाचे सहा महिने खाल्ले. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या जावळी-पाटणच्या गावांची माणसं पुनर्वसनात चार दिशांना पांगली, तिथं मूळ गावाचं नाव हाच धागा.

आता तहसील. सातबारा सगळेच काढतात, पण खरी गंमत जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदीत आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली आला आणि फेरफाराच्या वह्या त्यानंतर गावोगाव सुरू झाल्या. म्हणजे महायुद्धात गेलेल्या माणसाच्या जमिनीला वारस लागताना ओळ पडली असण्याची आशा आहे. मी 'लढाईत मयत' असे शब्द शोधत बसलो होतो. ते कुठेच नव्हते. सापडलं ते आमच्या आजोबांचं नाव आणि पुढे 'अ.पा.क.' म्हणून पणजीचं. अज्ञान पालनकर्ती, म्हणजे मूल लहान, आई सांभाळणारी. बापाचं नाव त्या ओळीत नुसतं 'मयत' एवढंच, पण ओळीवर तारीख होती. तिच्याआधी पणजोबा गेले होते, एवढं तरी कागदावर आलं. कोणाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पणज्याचं नाव उताऱ्यावर नाही म्हणून हताश होऊ नका, तो थोरल्या भावाच्या नावामागे लपलेला असतो.

गाव नमुना 14, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात परमुलखात मेलेल्या शिपायाची नोंद मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. तिथं त्याच्या मुलांचे जन्म बघा. शेवटचं मूल कधी जन्मलं त्यावरून स्वारी घरून कधी निघाली याचा अंदाज बांधता येतो. तसंच मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. मुलाचा पालक म्हणून चुलत्याचं नाव असेल तर बाप तेव्हा एकतर पलटणीत होता नाहीतर नव्हताच.

हे सगळं मोडीत असणार, हे धरूनच चला. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, ते करून आलात तर उत्तमच. नाहीतर निदान आपल्या आडनावाची, गावाची आणि 'मयत', 'वारस', 'बिन' (म्हणजे अमक्याचा मुलगा) या तीन शब्दांची मोडी रूपं कोणाकडून तरी कागदावर लिहून घ्या. तेवढ्यावर पान ओळखता येतं, वाचायला नंतर जाणकार गाठता येतो. भूमी अभिलेख खात्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर पुष्कळ जिल्ह्यांचे जुने उतारे स्कॅन करून ठेवलेत. शिवाय 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात जिल्हा प्रशासनांनी गाववार जुनी पानं काढून आपापल्या संकेतस्थळांवर टाकली आहेत. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, इतका मोडी कागद एकदम उजेडात यापूर्वी क्वचितच आला असेल. घरूनच चाळून जा.

गावात असताना शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे का बघा: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. नावं बहुधा नसतात, पण मृतांचा आकडा दोनच असेल तर शोध फारच सोपा होतो. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथं आकडा बराच मोठा आहे. हेळव्यांचा, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळी सांगणाऱ्यांचा, फेरा येत असेल तर तोही चुकवू नका, आणि घरच्यांनी कधी त्र्यंबकेश्वर केलं असेल तर तिथल्या उपाध्यायांच्या वहीत कोण कोण आलं होतं ते विचारा.

एवढं जमलं की मग पलटण. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी सहा: 103, 105, 110, 114, 116, 117. 1922 च्या फेररचनेत त्यांची मिळून पाचवी मराठा झाली. म्हणून घरात 'जंगी पलटण' असं ऐकलं असेल तर ती जुनी 103, 'काली पांचवी' असेल तर 105. यांतल्या 103, 110 आणि 117 इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकल्या, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. उरलेले तुर्कांच्या कैदेत गेले, आणि पुढच्या मृत्यूंची तारीख जपूनच घ्यावी. महार पणज्याचा शोध 1941 साली बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये घेऊ नका. 1917 ची 111वी महार पलटण वेगळी, ती युद्धानंतर मोडली. आणि दर्यावर्दी घर असेल तर पलटण सोडा, मुंबईत मशीद बंदरजवळच्या सेलर्स होममधलं स्मारक बघा, त्यावर दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं आहेत.

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर नावापेक्षा गावाच्या नावानं शोधा. शेऱ्यात अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, तालुका असं सापडतं. बसरा स्मारकाच्या दगडाचा फोटो मात्र कोणाकडून मागवू नका. तिथं चाळीस हजारांवर माणसं स्मरली आहेत, पण हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. नावं वहीत. शिवाय 1997 मध्ये ते स्मारकच मूळ जागेवरून नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं. पंजाबच्या लाखो शिपायांची नोंदपुस्तकं आता ऑनलाइन आहेत, तिकडे वळू नका, त्यात आपली गावं नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातला माणूस असेल तर गोष्ट सोपी. मराठा लाईट इन्फंट्रीचं दप्तर बेळगावात, बॉम्बे सॅपर्सचं खडकीत, महार रेजिमेंटचं सागरला. अर्जात शीट रोल, म्हणजे शिपायाच्या नोकरीची सविस्तर नोंद, मागाल तर ठरावीक वर्षांनंतर नष्ट केला, असं उत्तर येण्याचा धोका आहे, म्हणून त्याच अर्जात लाँग रोलमधली, म्हणजे शिपायांच्या मोठ्या नोंदवहीतली, नोंदही मागा. ती कायमची ठेवतात. नंबर, गाव, बापाचं नाव, निकटच्या वारसाचं नाव, आणि तुमचं नातं दाखवणारी वंशावळ जोडा.

पिशवीत भिंग, पेन्सिल, सुट्टे पैसे, चार्जर, दोन वेळचं पाणी. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला सोमवारी जाऊ नका.

मला अखेर 117व्या पलटणीत आमच्या पणजोबांच्या नावाचे दोघे सापडले. एकाच्या शेऱ्यात बायकोचं नाव आहे, पण गाव नाही. दुसऱ्याच्या शेऱ्यात जावळी, सातारा आहे, पण बायकोचं नाव नाही. पणजीचं फेरफारातलं नाव सासरचं, माहेरचं काय होतं ते आत्याआजीला आठवत नाही. तिच्या माहेरी एक नव्वदीची वहिनी आहे म्हणतात. दिवाळीत तिकडे जायचंय.