विकून गेलेल्या घरांच्या जाहिराती: शिळी जाहिरात कशी ओळखावी आणि कशी काढून घ्यावी

घरांच्या संकेतस्थळावर एखाद्या जाहिरातीखाली ‘दोन दिवसांपूर्वी’ असे लिहिलेले असेल, तर दोन दिवसांपूर्वी कोणीतरी त्या पानाला हात लावला, एवढेच त्यातून कळते. किंमत किंचित बदलली, छायाचित्रांचा क्रम मागेपुढे केला किंवा मुदत संपत आलेली जाहिरात एका बटणाने पुन्हा वर आणली, तरी ती तारीख ताजी होते; घर मात्र सहा महिन्यांपूर्वीच विकले जाऊन नव्या मालकाचा संसार त्यात सुरू झालेला असू शकतो. त्यामुळे जाहिरात शिळी आहे की नाही, याचा पुरावा शक्यतो त्या पानाबाहेर शोधावा लागतो. तो कसा शोधावा हे प्रथम पाहू. आपले स्वतःचे घर व्यवहार होऊन गेल्यावरही जाहिरातींत झळकत असेल, तर काय करावे, हे शेवटी आहे.

संकेतस्थळ माहिती कुठून घेते

एकेक जाहिरात पारखण्यापूर्वी संकेतस्थळाची जात ओळखून घ्यावी, कारण त्यावरून किती विश्वास ठेवायचा याचा निम्मा निर्णय होतो. अमेरिका आणि कॅनडा येथे ‘मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस’ नावाची व्यवस्था आहे. एका भागातील दलाल आपापल्या जाहिराती एका सामाईक नोंदवहीत भरतात आणि संकेतस्थळे तीतून माहिती उचलतात. अमेरिकेतील दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार अशी उचललेली माहिती बारा तासांतून किमान एकदा ताजी करून घ्यावी लागते. झिलो हे मोठे संकेतस्थळही जानेवारी २०२१ पासून याच मार्गाकडे वळले. अशा व्यवस्थेत घर ‘उपलब्ध’, ‘व्यवहार ठरला’, ‘विकले’, ‘मागे घेतले’ किंवा ‘मुदत संपली’ यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे, हे दलालाला नोंदवावे लागते, आणि त्याने ते नोंदवले की बहुतेक ठिकाणी काही तासांत दिसू लागते. चूक झालीच तर ती सहसा मुळाशी, म्हणजे दलालाने अवस्था न बदलल्यामुळे होते.

दुसऱ्या प्रकारच्या संकेतस्थळांवर मालक किंवा दलाल थेट जाहिरात टाकतो आणि ठरावीक मुदतीचे पैसे भरतो. घर पहिल्याच आठवड्यात गेले तरी मुदत संपेपर्यंत ती जाहिरात तिथेच राहू शकते, कारण ती उतरवण्याचे श्रम घेण्यात कोणाचाच फायदा नसतो. मालकाने एकच घर चार दलालांकडे दिलेले असेल, तर एकाने व्यवहार केल्यावर उरलेल्या तिघांच्या जाहिराती मागे राहतात; त्या तिघांना घर गेल्याचे कधी कधी खरोखरच ठाऊक नसते. तिसरा प्रकार इतर संकेतस्थळांवरील जाहिराती गोळा करून दाखवणाऱ्यांचा, आणि तो सर्वांत कच्चा. मूळ पान नाहीसे झाल्यानंतरही त्याची प्रत तिथे कितीतरी दिवस राहते. पानाच्या तळाशी माहितीचा स्रोत, नोंदणी क्रमांक आणि शेवटच्या पडताळणीची वेळ दिलेली आहे का, हे पाहावे. यांपैकी काहीच नसेल, तर संकेतस्थळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातले आहे असे धरून चालावे.

सगळ्याच शिळ्या जाहिराती विस्मरणातून उरत नाहीत. देखणे घर, वाजवी किंमत आणि उत्तम छायाचित्रे असलेली जाहिरात फोन आणून देते. ‘ते घर कालच गेले, पण अगदी तसेच दुसरे आहे’ हे वाक्य ज्याने घर शोधले आहे त्याने ऐकलेलेच असते. माझ्या मते एकदा ऐकले तर तो योगायोग मानावा, आणि त्याच दलालाकडून दुसऱ्यांदा ऐकले तर त्याच्या जाहिराती यादीतून वगळाव्यात.

पानाबाहेरचे पुरावे

जाहिरातीत पूर्ण पत्ता असेल, तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधावा. पत्ता नसेल, तर वर्णनातले एखादे वेगळे वाक्य जसेच्या तसे उचलून त्याच पद्धतीने शोधावे. ‘प्रशस्त आणि हवेशीर’ यासारखी वाक्ये हजारो पानांवर सापडतील. ‘स्वयंपाकघराच्या मागे अर्धवर्तुळाकार गच्ची’ असे वाक्य मात्र बहुधा त्याच घराचे असते. तेच घर तीन ठिकाणी तीन किमतींना दिसले आणि त्यांपैकी एका ठिकाणी ‘विकले’ असे लिहिलेले असेल, तर इतर दोन पानांवरची तारीख कितीही ताजी असली तरी ‘विकले’ हेच खरे मानून पुढची चौकशी करावी. न झालेली विक्री चुकून नोंदली जाण्यापेक्षा झालेली विक्री नोंदवायची राहून जाण्याचा संभव कितीतरी अधिक असतो.

यानंतर छायाचित्रे. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय टिनआय या संकेतस्थळावर २००८ पासून आणि गुगलवर २०११ पासून आहे. गुगलचे हे काम आता लेन्स करते. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावून पाहता येतात, आणि या कामासाठी तेच हवे असते, कारण ते चित्र त्याच्या नजरेस प्रथम केव्हा पडले हे त्यावरून कळते. शोधासाठी दिवाणखान्याचे चित्र घेऊ नये. सगळे दिवाणखाने एकमेकांसारखे दिसतात. खिडकीतून दिसणारे दृश्य, जिना, फरशीची विशिष्ट नक्षी असे काही निवडावे. एक सावधगिरी मात्र ठेवावी: नव्या गृहप्रकल्पात नमुना घराचीच छायाचित्रे सर्व घरांच्या जाहिरातींत वापरतात, त्यामुळे तिथे जुने चित्र सापडले म्हणून जाहिरात खोटी ठरत नाही.

चित्राच्या आत काय दिसते, हेही वाचावे. समोर मोकळी जागा दिसत असेल, तर गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये ती जागा पाहावी. ही सोय २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१४ पासून, उपलब्ध असेल तिथे, त्याच ठिकाणची मागील वर्षांतील दृश्येही पाहता येतात. प्रत्येक दृश्यावर ते कोणत्या महिन्यात व वर्षी टिपले हे दिलेले असते. दोन वर्षांपूर्वीच्या दृश्यात त्या मोकळ्या जागेवर पुरी झालेली इमारत उभी असेल, तर जाहिरातीतले छायाचित्र त्याहून जुने आहे हे निश्चित झाले. परंतु यातून छायाचित्राचे वय कळते, घराची अवस्था कळत नाही. घर विकायला काढताना मालक पाच वर्षांपूर्वीची चांगली छायाचित्रे खुशाल वापरतात, आणि घर तरीही उपलब्ध असते. हा पुरावा चौकशी करायला भाग पाडणारा आहे, निकाल देणारा नाही.

ज्यांना थोडे खोलात जायचे आहे, त्यांनी संगणकावर पानाचा मूळ संकेत, म्हणजे सोर्स कोड, उघडावा. बहुतेक ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि यू ही अक्षरे एकत्र दाबल्यावर तो दिसतो. त्यात रोमन लिपीत ‘डेट’ हा शब्द शोधल्यास जाहिरात प्रथम प्रसिद्ध झाल्याची आणि शेवटच्या बदलाची तारीख कधी कधी वेगवेगळी मिळते. वरवर ‘दोन दिवसांपूर्वी’ दिसणारी जाहिरात आत चौदा महिने जुनी निघाली, तर बरेच काही कळून येते. जुनी प्रत पाहण्यासाठी इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचे वेबॅक मशीन वापरावे. ते २००१ पासून सर्वांना खुले आहे. गुगलने साठवलेली प्रत दाखवण्याची सोय २०२४ मध्ये बंद केल्यामुळे आता मुख्यतः याच साधनावर विसंबावे लागते. मात्र एकट्यादुकट्या जाहिरातीचे पान तिथे साठवलेले असेलच असे नाही. न सापडल्यास त्यातून कोणताही निष्कर्ष काढू नये.

सर्वांत भक्कम पुरावा सरकारी विक्रीनोंदीचा, जिथे ती लोकांना खुली असते तिथे. इंग्लंड आणि वेल्समधील भूमी नोंदणी कार्यालय १९९५ पासूनच्या घरविक्रीच्या किमती प्रसिद्ध करते आणि त्यात दर महिन्याला भर घालते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काउंटीच्या कार्यालयात खरेदीखताची नोंद पाहता येते. नोंद सापडली आणि ती जाहिरातीच्या मूळ तारखेनंतरची असली, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. नोंद नसल्यास मात्र घर विकलेले नाही असे समजू नये, कारण व्यवहार पुरा होणे आणि तो नोंदवहीत दिसणे यांत आठवडे, क्वचित महिनेही जातात.

दलालाला काय विचारावे

‘घर उपलब्ध आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर नेहमी ‘हो, या पाहायला’ असेच येते. ज्याचे उत्तर देण्यासाठी त्या एका घराची ताजी माहिती लागेल, असे प्रश्न लेखी विचारावेत. पुढील मजकूर वापरता येईल:

‘नमस्कार. आपल्या अमुक क्रमांकाच्या जाहिरातीतील घराविषयी लिहीत आहे. मालकाशी आपले शेवटचे बोलणे केव्हा झाले? या घरासाठी कोणी इसार दिला आहे का? घरात सध्या कोण राहते आणि किल्ली कोणाकडे असते? हेच घर येत्या दोन-तीन दिवसांत पाहता येईल, अशी एक वेळ कृपया कळवावी. ते उपलब्ध नसल्यास जाहिरात उतरवावी, ही विनंती.’

उत्तरात एकाही प्रश्नाचा उल्लेख नसून फक्त फोन क्रमांक किंवा दुसऱ्या घरांची यादी आली, तर जाण्यायेण्याचा वेळ वाचला असे समजावे. लांबच्या गावी घर पाहायचे असेल, तर दलालाला त्या घरातून थेट व्हिडिओ कॉल करण्यास सांगावे आणि एखादी खिडकी उघडून बाहेरचा रस्ता दाखवायला लावावे. आधी काढून ठेवलेल्या चित्रफितीने हे काम भागत नाही. छायाचित्र मागवून त्याची आतली तारीख पाहण्याचा बेत असेल, तर ते व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्यास सांगावे. नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवल्यास कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती गळून जाते.

शिळ्या जाहिरातींचा एक धोका निव्वळ मनस्तापापेक्षा मोठा आहे. विक्रीच्या जुन्या जाहिरातीतील छायाचित्रे आणि वर्णन उचलून तेच घर भाड्याने देत असल्याचे भासवणारे भामटे असतात. भाडे आजूबाजूच्या घरांपेक्षा बरेच कमी असते, मालक परगावी असतो, आणि घर दाखवण्याआधी अनामत रक्कम मागितली जाते. वर सांगितलेला छायाचित्रशोध अशा वेळी काही मिनिटांत मूळ विक्रीच्या पानापर्यंत पोहोचवतो. घर आतून पाहिल्याशिवाय आणि समोरच्या व्यक्तीचा त्या घराशी संबंध कागदोपत्री तपासल्याशिवाय काहीही देऊ नये.

आपले घर जाहिरातीत अडकले असेल तर

घर विकत घेतल्यावर शयनगृहापासून दाराच्या कुलपापर्यंत सारे काही इंटरनेटवर दिसत असल्याचे अनेकांच्या लक्षात फार उशिरा येते. ते काढून घेताना क्रम चुकवू नये. प्रथम ज्या दलालाने जाहिरात टाकली त्याला लिहावे, कारण सामाईक नोंदवहीतील मूळ नोंद तोच बदलू शकतो. ती तशीच राहिली, तर एका संकेतस्थळावरून काढलेली जाहिरात पुढच्या फेरीत परत येते. विक्रीचा व्यवहार करतानाच ‘ताबा दिल्यावर आतील छायाचित्रे काढावीत’ असे दलालाकडून लेखी घेतले, तर हा त्रास बराच वाचतो.

नंतर प्रत्येक संकेतस्थळाकडे वळावे. झिलो आणि रेडफिन यांसारख्या ठिकाणी मालकाने घर आपले असल्याचे सिद्ध केल्यावर छायाचित्रे स्वतःच लपवता येतात. इतरत्र ‘तक्रार करा’ या दुव्याचा उपयोग करावा आणि सोबत पानाचा पत्ता, तारीख दिसणारा स्क्रीनशॉट आणि व्यवहार पूर्ण झाल्याचा पुरावा द्यावा. पुराव्याच्या कागदावरील रक्कम आणि ओळख क्रमांक झाकून मगच तो पाठवावा. जाहिराती गोळा करणारी संकेतस्थळे सर्वांत शेवटी घ्यावीत, कारण मूळ पाने गेल्यावर त्यांतील काही आपोआप रिकामी होतात.

मूळ पान उतरले तरी शोधयंत्रात त्याचे शीर्षक आणि चित्र काही काळ दिसत राहते. त्यासाठी गुगलने कालबाह्य मजकुराबाबत विनंती करण्याचे स्वतंत्र साधन ठेवले आहे. ते वापरण्यासाठी संकेतस्थळ आपल्या मालकीचे असावे लागत नाही. मात्र पान खरोखर गेलेले किंवा बरेच बदललेले असले पाहिजे, आणि इथे एक तांत्रिक खोच आहे. काही संकेतस्थळे ‘ही मालमत्ता आता उपलब्ध नाही’ असे पानावर लिहितात, पण शोधयंत्राला ‘पान सापडले नाही’ असे सांगणारा ४०४ हा संकेत किंवा ‘पान कायमचे गेले’ असे सांगणारा ४१० हा संकेत देत नाहीत. तेव्हा शोधयंत्राच्या दृष्टीने ते पान जिवंतच असू शकते. अशा वेळी संकेतस्थळाला पुन्हा लिहून हे दोन आकडे स्पष्ट नमूद करावेत. तक्रार मग तांत्रिक विभागापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

चित्रांची वेगळी तपासणी करावी. जाहिरातीचे पान आणि त्यातील छायाचित्र यांचे पत्ते बहुधा निरनिराळे असतात, म्हणून पान गेल्यावरही छायाचित्र मागे राहू शकते. पान उतरण्यापूर्वीच प्रत्येक चित्र नव्या टॅबमध्ये उघडून त्याचा पत्ता टिपून ठेवावा आणि नंतर तो उघडतो का, हे पाहावे. उघडत असल्यास तक्रारीत पानाऐवजी चित्रांच्या पत्त्यांची यादी द्यावी. महिनाभराने घराचा पत्ता आणि दोन-तीन छायाचित्रे पुन्हा एकदा शोधून पाहावीत, कारण गोळा करणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरची प्रत बहुतेकदा याच फेरीत हाती लागते.